बॅटरी नवी, गाडी जुनी, मग करंट जातो कुठे?

जपून ठेवलेल्या जुन्या गाडीचं एक ठरलेलं दुखणं असतं. आज छान फिरून येते, झाकून ठेवली जाते, आणि पंधरा दिवसांनी चावी फिरवली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो. बॅटरी उतरलेली. चार्ज केली की गाडी खुशाल चालते, पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. मग बॅटरी बदलली जाते. तीही उतरते. मग इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या डायनॅमोवर संशय, मग त्याचं व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरवर, आणि शेवटी ‘जुन्या गाड्यांचं असंच असतं’ म्हणून विषय संपतो.

जुन्या गाड्यांचं असं मुळीच नसतं. पन्नास-साठच्या दशकांतली गाडी विजेच्या बाबतीत आजच्या गाडीपेक्षा कितीतरी साधी आहे. तिच्यात संगणक नाही, रिमोट लॉक नाही, कोणतीच गोष्ट झोपेत जागी राहत नाही. आजची गाडी बंद असतानाही २० ते ५० मिलिअँपिअर ओढते आणि ते गृहीतच धरलेलं असतं. जुन्या गाडीने चावी काढल्यावर जवळपास शून्य ओढायला हवं. घड्याळ असेल तर त्याचा किरकोळ वाटा. म्हणजे मीटरवर दिसणारा जवळजवळ प्रत्येक आकडा हा पुरावाच. शोध अवघड वाटतो तो गाडी गुंतागुंतीची असते म्हणून नाही. न मोजता भाग बदलत गेल्यामुळे तो अवघड होतो.

## तीन शब्द, एकदाच

इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणा. पाण्याचा दाब म्हणजे व्होल्ट. नळातून किती धार पडते ते अँपिअर. टाकीत मावतं किती ते अँपिअर-तास. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग, अगदी थेंब थेंब.

आता टाकी ४० अँपिअर-तासांची आहे असं धरू. डिकीतला ५ वॅटचा छोटा दिवा झाकण लागल्यावरही पेटत राहिला, तर तो सुमारे ०.४ अँपिअर ओढतो. दिवसाला दहाएक अँपिअर-तास. दोन दिवसांत टाकी अर्धी, चौथ्या दिवशी कोरडी. ५० मिलिअँपिअरची गळती त्यामानाने काहीच नाही असं वाटेल, पण तीही दिवसाला १.२ आणि पंधरा दिवसांत १८ अँपिअर-तास घेऊन जाते.

उलट सेल्फकडे पाहा. तो १५० अँपिअर ओढतो हे ऐकून छाती दडपते, पण ओढतो तीन सेकंद. हिशेब केला तर गाडी एकदा सुरू करायला ०.१२५ अँपिअर-तास लागतात. डिकीतला तो दिवा तेवढं जेमतेम वीस मिनिटांत खातो. बॅटरी सहसा मोठ्या गिऱ्हाइकाने रिकामी होत नाही, रात्रंदिवस लागून राहिलेल्या छोट्याने होते.

## आधी बॅटरीचीच चौकशी

गाडीत गळती शोधण्याआधी टाकीला भोक नाही ना, हे बघायला हवं. बॅटरी पूर्ण चार्ज करा, गाडीची वायर काढून ठेवा आणि रात्रभर तशीच राहू द्या. घाई असेल तर वायर काढण्याआधी दोनेक मिनिटं हेडलाइट लावून बंद करा, कारण चार्जरवरून उतरवल्या उतरवल्या बॅटरी १३ च्या वरचा फसवा आकडा दाखवते. मग मल्टिमीटर लावा.

१२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण. १२.२ म्हणजे अर्धी. १२ च्या खाली म्हणजे तळ गाठलेला. सगळा खेळ अर्ध्या-पाऊण व्होल्टमध्ये चालतो, म्हणून ‘हॉर्न वाजतोय, म्हणजे बॅटरी चांगली’ या परीक्षेला काही अर्थ नाही. गाडी ६ व्होल्टची असेल तर हे सगळे आकडे निम्मे करा. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक फोक्सवॅगन बीटल गाड्या अशा असत.

वायर सुटी ठेवूनही दोन-तीन दिवसांत आकडा १२.२ वर घसरला, तर गाडी निर्दोष आहे, बॅटरीच गेलेली आहे. आकडा टिकला पण सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली कोसळला, तरी तेच. एक जागा मात्र हमखास विसरली जाते: बॅटरीचा वरचा पृष्ठभाग. धूळ, ओल आणि ॲसिडची वाफ यांचा थर जमला की त्यातूनच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे करंट पाझरतो. मीटरचं एक टोक टर्मिनलवर आणि दुसरं प्लॅस्टिकच्या झाकणावर टेकवून पाहा. व्होल्ट दिसले तर खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून कोरडं करा, फक्त ते पाणी बुचातून आत जाऊ देऊ नका.

नवी बॅटरी टाकून प्रश्न का मिटत नाही, याचं उत्तरही इथेच आहे. लेड-ॲसिड बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात. मग चार्जिंग करूनही तेवढी प्लेट परत कामाला येत नाही. म्हणजे गळती कायम ठेवून बॅटरी बदलणं हे नव्या बॅटरीलाही त्याच मरणाकडे पाठवणं आहे.

## सगळे नळ बंद, तरी मीटर फिरतोय?

घरातले सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर बघावा, तशीच ही तपासणी. चावी काढा. दारं बंद करा, किंवा दाराच्या दिव्याचं बटण चिकटपट्टीने दाबून ठेवा. बॉनेटखाली दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा, नाहीतर तोच गळती म्हणून दिसेल. हातातली अंगठी आणि धातूचा पट्टा असलेलं घड्याळ उतरवा. बॅटरी नुकतीच चार्ज झाली असेल तर हवा खेळू द्या; चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

आता बॉडीला गेलेली वायर, म्हणजे अर्थची वायर, बॅटरीवरून काढा. कोणत्याही गाडीत ती आधी सुटते आणि शेवटी लागते. कारण साधं आहे: अर्थ सुटलेली असेल तर दुसऱ्या टर्मिनलवर काम करताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. बहुतेक गाड्यांत अर्थ निगेटिव्ह असते, पण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह टर्मिनल बॉडीला जोडलेलं असे. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्सकार १९६७ च्या अखेरीस निगेटिव्ह अर्थवर आली. तेव्हा ‘काळी वायर काढा’ एवढ्यावर विसंबू नका, ती बॉडीला जाते का ते डोळ्यांनी बघा.

सुटलेली वायर आणि बॅटरीचं टर्मिनल यांच्यामध्ये मीटर बसवायचा आहे, पण लगेच नाही. आधी तिथे साधा टेस्ट लॅम्प जोडा, ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब चालेल. तो लख्ख पेटला तर गळती मोठी आहे किंवा थेट शॉर्ट आहे, आणि मीटर जोडला तर त्याचा आतला फ्यूज उडू शकतो. बल्ब पेटला नाही किंवा अगदी मंद लालसर झाला, तर मीटर १० अँपिअरवर ठेवा, त्याची लाल वायर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये हलवा आणि मग जोडा. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही. सेल्फचे दीडशे अँपिअर त्या बिचाऱ्या मीटरमधून जायला बघतील.

## आकडाच नाव सांगतो

आकड्याला बाराने गुणलं की वॅट मिळतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच आरोपी सापडतो. ०.४ अँपिअर म्हणजे ५ वॅट: डिकी, ग्लोव्हबॉक्स किंवा दाराजवळचा दिवा. बंद डिकीत दिवा विझतो की नाही हे कळायला मोबाइलवर व्हिडिओ सुरू करून तो आत ठेवा, किंवा अर्ध्या तासाने झाकण उघडून बल्बला हात लावा. गरम लागला तर शोध संपला. साडेतीन अँपिअर म्हणजे २१ वॅटचे दोन दिवे: ब्रेकचा स्विच अडकलाय. पण तीन-चार अँपिअर इग्निशन कॉइलही (स्पार्कप्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) ओढते, म्हणजे चावी काढल्यावरही इग्निशन स्विच आत जोडलेलाच राहतोय. या दोघांतला फरक ओळखणं सोपं आहे, गाडीच्या मागे जाऊन बघितलं की झालं. शिवाय कॉइल हाताला गरम लागते, आणि हे दिसलं तर बॅटरी लगेच सोडवा.

काटा मधूनच उडी मारून परत शून्यावर येत असेल तर घाबरू नका. बऱ्याच जुन्या घड्याळांत स्प्रिंग असते आणि छोटा विद्युतचुंबक दर एक-दोन मिनिटांनी तिला पीळ देतो. ती उडी त्याचीच. मात्र बॅटरी अशक्त झाली की त्या चुंबकाला स्प्रिंग पुरती ताणता येत नाही, संपर्क मिटलेलाच राहतो आणि घड्याळ जळतं. कितीतरी सुंदर घड्याळं अशी गेली आहेत.

आकड्यावरून नाव कळलं नाही, तर एकेक फ्यूज काढत जा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, त्या फ्यूजच्या घरातला कोणीतरी गळतोय. इथे गाडीचा वायरिंग डायग्राम फार उपयोगी. ब्रिटिश गाड्यांत लुकास या विजेचे भाग बनवणाऱ्या कंपनीची रंगांची पद्धत आहे: तपकिरी वायर थेट बॅटरीवरून आलेली, मध्ये फ्यूज नाही, जांभळी कायम जिवंत, पण फ्यूजमधून, पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी त्याच्या पुढची, फ्यूजमधून गेलेली, काळी अर्थ. जर्मन गाड्यांत आकडे असतात: ३० म्हणजे थेट बॅटरी, १५ म्हणजे इग्निशन, ३१ म्हणजे अर्थ. चावी काढलेली असताना गळणारा माल तपकिरी, जांभळ्या किंवा ३० नंबरच्या घराण्यातलाच असणार. स्विचच बिघडला असेल तर गोष्ट वेगळी.

आणि ज्या वायरचा रंग डायग्राममध्ये कुठेच नाही, तिच्यावर सर्वात आधी संशय घ्या. चाळीस-पन्नास वर्षांत गाडीचे तीन-चार मालक झालेले असतात आणि प्रत्येकाने आपापला रेडिओ, अलार्म, मोबाइलचा चार्जर बसवलेला असतो. नंतर रेडिओ गेला, वायर राहिली, टोकाला इन्सुलेशन टेप. कारखान्यातून निघालेलं वायरिंग त्या मानाने बरंच प्रामाणिक असतं.

## सगळे फ्यूज काढले, आकडा तसाच

यात आश्चर्य काही नाही. कितीतरी जुन्या गाड्यांत फ्यूजच दोन किंवा चार असतात, आणि बरंचसं वायरिंग फ्यूजच्या बाहेर धावतं. अशा वेळी पहिला थांबा चार्जिंगच्या यंत्रणेपाशी.

डायनॅमोच्या जागी नंतर आलेला अल्टरनेटर असेल तर त्याच्या आत डायोड असतात. करंट बॅटरीकडे जाऊ द्यायचा, उलटा येऊ द्यायचा नाही, एवढंच त्यांचं काम. एखादा डायोड खराब झाला की रात्रभर करंट उलट्या दिशेने वाहत राहतो. तपासायला अल्टरनेटरची जाड वायर सुटी करून पुन्हा मीटर बघा. ती वायर कायम जिवंत असते, म्हणून ती सोडवण्याआधी बॅटरी सुटी केलेली हवी, आणि सुटं टोक टेपने झाकलेलं.

डायनॅमोच्या गाडीत हेच काम कटआउट नावाचा छोटा रिले, म्हणजे विजेने आपोआप चालणारा स्विच, करतो. डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा वाढला की तो जोडतो, कमी झाला की तोडतो. त्याचे पॉइंट जळून एकमेकांना चिकटले, तर इंजिन बंद झाल्यावर बॅटरी डायनॅमोलाच मोटर समजून फिरवायला बघते. बेल्ट त्याला फिरू देत नाही. ही गळती साधीसुधी नसते, वायर तापवणारी असते.

तिथेही काही सापडलं नाही तर इग्निशन स्विच, दिव्यांचा स्विच, हॉर्न, एकेक सुटं करत चला. कंटाळवाणं काम आहे, पण जादू लागत नाही.

## गळती नाही, तरी दिवे मंद आणि सेल्फ सुस्त

हा दुसरा आजार, आणि तो पहिल्याशी सतत गल्लत करतो. इथे बॅटरी भरलेली असते, पण करंट पोहोचत नाही, किंवा पोहोचून परत येत नाही. दिव्याकडे वायर जाते एक; परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. पत्रा आणि बॅटरी यांच्यातल्या प्रत्येक जोडावर गंज, रंग, ग्रीस बसलेलं असतं. जुन्या गाडीतल्या विचित्र वागण्याची निम्मी कारणं मला विचाराल तर इथेच सापडतात.

नमुना पाहा. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मिणमिणतो. भुताटकी वाटते. मागच्या दिव्याच्या घराची अर्थ सुटलेली असते, ब्रेकलाइटच्या करंटला पत्र्याचा रस्ता बंद असतो, म्हणून तो शेजारच्या फिलॅमेंटमधून उलटा शिरून वाट काढतो. बल्ब बदलून काही होत नाही. होल्डरचा स्क्रू काढून खालचा पत्रा चकचकीत घासला की भूत पळतं.

याहून गंभीर प्रकार इंजिनचा. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून ते एका जाड विणलेल्या पट्टीने बॉडीला जोडतात. ती पट्टी तुटली किंवा इंजिन उतरवल्यावर परत लावायची राहिली, तर सेल्फचा करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परत जायला बघतो. सेल्फ मारताना चोकची तार तापली किंवा तिच्यातून धूर निघाला, तर दोष चोकचा नाही.

हे मोजायचं कसं? मीटर व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थच्या खुंटावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणालातरी सेल्फ मारायला सांगा. कॉइलची वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. आकडा ०.२-०.३ व्होल्टच्या आत हवा. एक-दीड व्होल्ट दिसला तर तेवढा दाब त्या जोडातच जिरतोय. हेडलाइटसाठीही हीच रीत, दिवा पेटलेला ठेवून. फिलॅमेंटच्या बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो, म्हणून एवढ्याशा गंजाने रात्रीचा रस्ता अंधारा होतो.

‘मी तर ओहम, म्हणजे वायरचा विरोध, मोजला, शून्य दाखवतोय’ असं बरेचजण म्हणतात. मीटर ओहम मोजताना अगदी नाममात्र करंट सोडतो. वायरच्या वीस तारांपैकी एकच शाबूत असली तरी तो खूश. कामाचा करंट वाहत असतानाच खोट उघडी पडते.

## ‘रोज दहा मिनिटं नुसती चालू ठेवली तर?’

डायनॅमोच्या गाडीत याने फायदा शून्य, बहुधा तोटाच. कमी फेऱ्यांवर डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो तो त्याचमुळे. सेल्फने घेतलेलं परत येत नाही, शिवाय थंड इंजिनात पाणी आणि कच्चं पेट्रोल साचतं. त्यापेक्षा बॅटरीला व्होल्टेज सांभाळणारा छोटा चार्जर लावून ठेवलेला बरा.

## ‘फ्यूज सारखा उडतो, मोठा लावू का?’

नाही. मोठ्या फ्यूजने शॉर्ट जात नाही, फक्त फ्यूजऐवजी वायर जळते. फ्यूजच्या जागी हेडलाइटचा जुना बल्ब जोडा. शॉर्ट आहे तोवर तो पेटेल, पण करंट मर्यादेत ठेवेल. आता वायरिंग हलवत, दाबत, स्टिअरिंग फिरवत पुढे जा. बल्ब ज्या जागी विझतो, तिथेच कुठेतरी वायरचं कातडं सोललेलं आहे: बहुधा पत्र्याच्या भोकातून जाताना, रबरी कडं गळून पडलेल्या ठिकाणी.

## ‘कटऑफ स्विच लावला की झालं ना?’

बॅटरी तोडणारा स्विच बसवावाच, आगीच्या दृष्टीने तो उत्तम. पण तो गळती थांबवत नाही, लपवतो. ग्लोव्हबॉक्सचा दिवा असेल तर ठीक. सोललेली तपकिरी वायर पत्र्याला घासत असेल, तर स्विच चालू करून गाडी रस्त्यावर नेल्यावर ती घासतच राहणार. आधी मोजा, मग स्विच लावा.

सगळं वायरिंग नवं करण्याचा सल्लाही सढळपणे मिळतो. कापडी आणि रबरी आवरणाची वायर वाकवल्यावर भुगा होत असेल तर तो योग्य. प्लॅस्टिकचं आवरण मऊ असेल, तर एका वाईट जोडासाठी शंभर चांगले जोड उपसण्यात अर्थ नाही.

शेवटी गाडी इलेक्ट्रिशियनकडे न्यावी लागली तर ‘बॅटरी उतरते’ एवढंच सांगू नका. चावी काढून किती अँपिअर, कोणता फ्यूज काढल्यावर आकडा पडला, डायनॅमो सुटा केल्यावर काय झालं, सेल्फ मारताना अर्थवर किती व्होल्ट, हे कागदावर लिहून द्या. त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि त्या तेवढ्या वेळात तो अंदाजाने काढून ठेवणार असलेला तुमचा डायनॅमोही जागेवर राहतो.